फलाटाबाहेरचे चार डबे

शेजारच्या गार्डसाहेबांनी लांबच्या गाडीचे चार डबे भंगारात विकले, ही खबर आमच्या गल्लीत दुधाच्या आधी पोचली. कुणी म्हणे, डबे आडमार्गाला नेऊन कापले. कुणी म्हणे, त्याच पैशातून पुढच्या खोलीला नवा रंग दिला. इस्त्रीवाल्याने तर तो भंगारवाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, फक्त कुठे पाहिला ते त्याला आठवत नव्हतं.

आता त्यांची आणि माझी भिंत एक. त्यांच्याकडे भांडं पडलं तर पातेलं पडलं की ताट, हे मी शिवणयंत्रावरून न उठता सांगते. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका. ज्या माणसाने घरातली जुनी वर्तमानपत्रंसुद्धा "वाचायची राहिलीत" म्हणून कधी विकू दिली नाहीत, तो डबे काय विकणार? पण डबे गेले हे खरं. आणि गेले ते त्यांच्याचमुळे, हेही खरं. मागितलं होतं मात्र त्यांनी नेमकं उलटं.

गार्डसाहेबांना गल्लीत तोंडावर गार्डसाहेब म्हणतात आणि पाठ वळली की शेपूट. गाडीच्या अगदी शेवटच्या, खोक्यासारख्या डब्यात लोखंडी खुर्चीवर बसायचं, दोन झेंडे, शिट्टी, दिवा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि मागे पडणारे रूळ बघत राहायचं, हा त्यांचा उभा जन्म. ड्रायव्हरला येणारं गाव दिसतं. यांना गाव दिसतं ते गेल्यावर. ही सवय माणसाच्या अंगात किती मुरावी? घरातून सगळे बाहेर पडले तर हे शेवटी. कुलूप ओढून बघणार, गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकणार, मग हात वर करणार. तोवर गार्डीणबाई पायरीवर ताटकळत.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," त्या मला म्हणतात, "पण यांनी हात दाखवल्याशिवाय माझं पाऊल हलत नाही बघ. शिट्टी मारत नाहीत एवढंच."

"मारतात गं," मी म्हणते. "तुला सवय झालीय."

आणि नियम म्हणजे तर विचारू नका. गार्डाच्या डब्यात परक्या माणसाला बसवायचं नाही, असा नियम आहे. एकदा प्रत्यक्ष सासरे आले, गाडी गच्च भरलेली, म्हणाले, जावईबापू, तुमच्या खोक्यात कोपऱ्यात बसतो. जावईबापूंनी त्यांना भर उन्हात फलाटावरून चालवत पुढच्या डब्यात नेऊन उभं केलं. सासरे पुढे बराच काळ त्यांच्याशी बोलत नव्हते. गार्डीणबाईंच्या मते तो त्यांच्या संसारातला फार शांततेचा काळ होता.

तर ही लांबची गाडी. देशाच्या एका टोकाकडून निघते, दुसऱ्या टोकाला पोचते, आणि मधे आमच्या गावाला उपकार केल्यासारखी थांबते. आमचा फलाट बांधला तेव्हा गाडी आखूड होती. मग माणसं वाढली म्हणून डबे लावले. आणखी वाढली, आणखी लावले. फलाट मात्र होता तेवढाच. मुलगा ताडमाड वाढला आणि पँट तीच राहिली तर घोटे उघडे पडतात. इथे मागचे चार डबे उघडे पडले. इंजिनाला पुढच्या सिग्नलच्या अलीकडे थांबावं लागतं, त्यामुळे पुढचे डबे ऐटीत फलाटाला लागतात आणि मागचे चार तिकडे वळणावर, खडीत. तिथे उतरायचं म्हणजे पायरीवरून जवळजवळ उडीच. आतूनच चालत पुढच्या डब्यात यावं म्हटलं, तर मधे बिनआरक्षणाचा डबा. त्यात पाय ठेवायला जागा मिळाली तर माणूस घरी फोन करून सांगतो.

गार्डसाहेबांनी यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल त्यांनी ड्यूटीवर न्यायला सुरुवात केली. आमच्या गावाला गाडी थांबली की हे खाली उतरणार, शेवटच्या डब्यांच्या दाराशी स्टूल लावणार, कुणाचं पोर खाली घेणार, कुणाची ट्रंक. गार्डीणबाई वरच्या फळीवरचा डबा काढायला टाचा उंच करून हात लांबवत आणि म्हणत, "माझ्या स्टुलाने माझ्यापेक्षा जास्त देश बघितलाय."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग मोठ्या ताई पडल्या.

मोठ्या ताई म्हणजे गार्डसाहेबांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, तेव्हा याच ताईंनी त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. अजून त्या त्यांना छोट्या म्हणतात. केस पिकलेला, पोट सुटलेला, दारातून वाकून आत येणारा हा माणूस "छोट्या" म्हटलं की गुपचूप हातपाय धुवायला जातो, हे मी पाहिलंय. ताईंचं गाव याच गाडीच्या वाटेवर, पार मागे, एक दिवस आणि एक रात्र अलीकडे. यजमान गेल्यापासून तिथे एकट्या. त्या लहान स्टेशनाच्या वाट्याला आरक्षणाच्या मोजक्या जागा येतात आणि त्या सगळ्या शेवटच्या चार डब्यांत. का? कुणालाच माहीत नाही. कधीतरी कुणीतरी तसं ठरवलं आणि ठरवणारा निवृत्त झाला.

त्या खेपेला ताई आल्या तेव्हा स्टूल होतं, भावाचा हात होता, सगळं होतं. फक्त स्टुलाखालची खडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, ऑपरेशन, मग शेजारच्या पुढच्या खोलीत कितीतरी दिवस पडून. मी रोज जाऊन बसायचे. ताई कण्हत कमी आणि हसवत जास्त. गार्डीणबाईंना तर हक्काचं माणूस मिळालं. "ताई आहेत तोवर या घरात माझं मत धरून दोन मतं असतात," म्हणायच्या. शेवटी ठरलं, की ताईंनी गावचं घर आवरून कायमचं इकडेच यायचं. काठी टेकत ताई परत गेल्या. जाताना काही अडचण आली नाही, कारण परतीची गाडी पलीकडच्या फलाटाला लागते आणि तो फलाट चांगला लांब आहे. आमच्या गावातून जाणं सोपं. येणं अवघड.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की आता एक जरी उडी, एक जरी घसरण झाली तर पुन्हा उभं राहणं विसरा.

म्हणून गार्डसाहेब तक्रार करायला निघाले. मला तोंड आवरत नाही. मी भिंतीपलीकडून विचारलं, "भाऊजी, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ताया खडीत उतरत होत्या, तेव्हा काय झालं होतं हो?"

ते चपला घालता घालता थांबले. मग म्हणाले, "तेव्हा माझ्याकडे स्टूल होतं, वहिनी. मला वाटायचं, पुरे आहे तेवढं."

त्यानंतर मी दोन दिवस त्यांना चिडवलं नाही. माझ्या दृष्टीने हा उपवासच.

तक्रार म्हणजे काय, तर ड्यूटी संपली की विभागाच्या कचेरीत जायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं आणि साहेबांचा दरवाजा उघडेल तेव्हा उभं राहायचं. साहेब तसे गोड बोलायचे. म्हणाले, फलाट वाढवणं हे बांधकामवाल्यांचं काम. बांधकामवाले म्हणाले, गाडी इतकी लांब का केली ते वाहतूकवाल्यांना विचारा. वाहतूकवाले म्हणाले, तक्रार प्रवाशांनी करायची असते, तुम्ही तर आपले कर्मचारी. गार्डसाहेबांनी सुचवलं, की ही गाडी पलीकडच्या लांब फलाटावर घ्या. उत्तर आलं, तो फलाट परतीच्या गाडीचा आहे.

"पण परतीची गाडी संध्याकाळी येते, साहेब. तेव्हा ही गाडी केव्हाच गेलेली असते."

"असते ना? मग प्रश्नच नाही."

हा संवाद त्यांनी घरी येऊन जसाच्या तसा सांगितला आणि आम्हा दोघींना विचारलं, "यात कुठला प्रश्न नाही, ते मला समजावून सांगा." गार्डीणबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. चहात साखर घालायची राहिली होती, ते त्यांना तिसऱ्या घोटाला कळलं आणि त्यांचा सगळा राग बिचाऱ्या चहावर निघाला.

मी म्हटलं, "पुढच्या मोठ्या स्टेशनावर ताईंना उतरवा आणि तिथून बसने आणा."

"बसची पायरी डब्यापेक्षा उंच असते, वहिनी."

"मग मोटार करा."

"का म्हणून?" ते उसळले. "तिचं घर इथे. गाडी इथे थांबते. तिकीट इथलं देतात. मग उतरायचं दुसरीकडे का?"

आणि एक दिवस खरोखर माणसं आली. टेप घेऊन आली, टोप्या घालून आली. त्यांनी फलाट मोजला, वाकून खडी मोजली आणि फलाटाच्या टोकापासून पार मागे, शेवटचा डबा जिथे थांबतो तिथे, पांढऱ्या रंगाची रेघ मारली. गार्डसाहेब त्या संध्याकाळी गार्डीणबाईंना आणि मला ती रेघ दाखवायला घेऊन गेले. नवरा बायकोला बाग दाखवतो, नदी दाखवतो. यांनी रेघ दाखवली. आम्ही दोघी खडीत ठेचकाळत उभ्या, आणि हे हात पसरून सांगताहेत, "इथपर्यंत फलाट येणार. ताई इथे उतरणार. सरळ, फरशीवर!"

त्याच आठवड्यात त्यांनी पुढची खोली रंगवायला काढली. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली, खाटेचे पाय कापून ती ठेंगणी केली. जरा जास्तच कापले, मग विटा लावून पुन्हा उंच केली.

थोड्याच दिवसांनी हे ड्यूटीवर गेले आणि गाडी बघतच राहिले. शेवटचे चार डबे नव्हतेच. कचेरीने सोडवून काढून घेतले होते. त्यांचा खोक्यासारखा डबा आता पुढे सरकवून जोडलेला. आमच्या गावाला गाडी आली तेव्हा इंजिनापासून शेपटीपर्यंत अशी बरोब्बर फलाटात बसली, जशी काही अंगावर बेतून शिवली होती.

भंगाराची अफवा उठली ती तेव्हा.

कापड कमी पडलं तर मी पट्टी जोडते. गिऱ्हाइकाचे पाय कापत नाही. पण कचेरीला कोण सांगणार? गार्डसाहेब सांगायला गेले. साहेबांनी उठून हात मिळवला.

"तुमची तक्रार काय होती? चार डबे फलाटाबाहेर राहतात."

"हो साहेब."

"आता राहतात का?"

"डबेच नाहीत, साहेब."

"म्हणजे राहत नाहीत ना?"

"पण त्यातली माणसं—"

"उरलेल्या डब्यांत सामावून घेतलीयत."

सामावून घेतलीयत! गार्डसाहेब हा शब्द उच्चारायचे तेव्हा त्यांच्या मानेची शीर फुगायची. वर त्यांना एक प्रशस्तिपत्र दिलं, प्रवाशांच्या सुरक्षेबद्दल दाखवलेल्या दक्षतेसाठी, चौकटीसकट. गार्डीणबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "काच चांगली आहे. फोटो बसेल का कुणाचा?"

सामावून घेणं कसं असतं, ते मी एकदा स्टेशनावर भाचीला पोचवायला गेले तेव्हा पाहिलं. डब्याची दारं आतून माणसांनीच बंद केलेली. ज्यांच्या जागा ठरलेल्या होत्या त्यांच्या मांडीवर परकी मुलं, आणि ज्यांच्या ठरलेल्या नव्हत्या ते बॅगांवर, बॅगा माणसांवर. एक बाई खिडकीतून आत पिशवी टाकून बसली आणि गाडी सुटली तेव्हा पिशवी गेली आणि बाई राहिली. तिकडे शेवटी गार्डसाहेब हिरवा झेंडा हातात धरून उभे. दाखवावा तर माणसं मागे राहतात, न दाखवावा तर गाडीला उशीर. शेवटी दाखवला. चहावाला त्यांच्या तोंडावर म्हणाला, "साहेब, तुमची गाडी फलाटात छान बसते. माणसं तेवढी बसत नाहीत."

'तुमची गाडी'! कारण एव्हाना सगळ्या वाटेवर बोभाटा झाला होता, की गार्डाने तक्रार केली म्हणून डबे काढले. डब्यांतली माणसं त्यांना बघून मोठ्याने बोलायची. गल्लीत पोरं "शेपूट तुटलं" म्हणून ओरडायची. आणि ज्यांच्यासाठी हा उपद्व्याप केला, त्या ताईंच्या स्टेशनाच्या जागा त्याच चार डब्यांबरोबर गेल्या. उरलेल्या डब्यांत त्यांना जागा द्यायला हवी हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आणून दिलं तेव्हा वर्षाचं वाटप होऊन गेलं होतं. आधी ताईंना बसता येत होतं पण उतरता येत नव्हतं. आता उतरता आलं असतं, पण बसता येत नव्हतं.

फोनवर ताई म्हणाल्या, "छोट्या, तू मला बोलावतोयस की नको म्हणतोयस, एकदा नक्की सांग. मी भांडी वाटून टाकलीयत. एका तव्यावर दिवस काढतेय."

त्यांचा आवाज भिंतीपलीकडे मला ऐकू आला. मग रंगवलेल्या खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

हिवाळा असाच चरफडत गेला. गार्डसाहेब घरी आले की कचेरीला शिव्या, गेले की गार्डीणबाईंच्या त्यांना शिव्या. रंगवलेली खोली बंद. मी म्हटलं, तोवर मला भाड्याने द्या, दोन यंत्रं मांडते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी विषय बदलून हवेवर आणला.

मग सुट्ट्यांचा हंगाम आला. गाडीत माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढू लागली, वर्तमानपत्रात फोटो आले, आणि कचेरीने मोठ्या मनाने चार जादा डबे लावले. तात्पुरते. कुठे लावले? शेवटी. तेच डबे, त्याच जागी, आणि आमचा फलाट तोच. पांढरी रेघ पुसट झाली होती.

डब्यांबरोबर ताईंच्या स्टेशनाच्या जागाही परत आल्या. आणि ताईंनी भावाला न विचारता तिकीट काढलं.

"तुझ्या डब्याला लागून माझा डबा आहे," त्यांनी कळवलं. "तुझीच ड्यूटी असेल तो दिवस मी तुझ्या बायकोला विचारून धरला."

"ताई, येऊ नकोस! उतरायचं कसं?"

"ते तू बघ. मी बसायचं बघितलंय."

"ताई, ऐक माझं. डॉक्टर काय म्हणाले—"

"हे डबे पुन्हा काढतील त्याआधी येते. मी काय पार्सल आहे, पडून राहायला?"

मग गार्डसाहेबांनी शेवटची धावपळ केली. ते काही फलाट मागत नव्हते. एवढंच म्हणत होते, की हा हंगाम संपेपर्यंत आमच्या स्टेशनात गाडी दोनदा थांबू द्या. एकदा पुढच्या डब्यांसाठी थांबेल, मग थोडी पुढे सरकेल आणि मागचे डबे फलाटाला लागले की पुन्हा थांबेल. दुसरीकडे असं करतात. साहेब म्हणाले, उशीर होईल, वरून परवानगी आणा. वरचे म्हणाले, खालून शिफारस आणा. हे वरून खाली आणि खालून वर झाले. आमच्या गावचे स्टेशनमास्तर तसे देवमाणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही मला काही सांगितलं नाहीत, आणि मी काही ऐकलं नाही. चहा घेणार?"

तो दिवस उजाडला. गार्डीणबाई आणि मी फलाटावर जाऊन उभ्या राहिलो. चाकाची खुर्ची भाड्याने आणली होती, ती मी धरलेली. दुपारची वेळ, ऊन चांगलंच तापलेलं. गाडी आली. इंजिन गेलं, डब्यांमागून डबे गेले आणि गाडी थांबली. मागचे चार डबे तिकडे वळणावर खडीत. लांबून गार्डसाहेबांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती.

"स्टूल काढलं का बघ," गार्डीणबाई म्हणाल्या.

नव्हतं काढलं. आणि चमत्कारिक म्हणजे त्या चार डब्यांतून एकही माणूस उतरत नव्हता. दारात गर्दी दिसत होती, सामान हातात घेतलेली माणसं दिसत होती, पण खाली कुणी पाय टाकेना. पुढच्या डब्यांतली माणसं उतरली, चढली. सिग्नल हिरवा झाला. तिकडे शिट्टी वाजली आणि यांनी झेंडा दाखवला.

"अगं, हे निघाले!" गार्डीणबाईंनी माझा दंड असा दाबला की काळानिळा झाला. "ताईंना न उतरवता निघाले! या माणसाला वेड लागलं!"

गाडी हलली. एकेक डबा आमच्यासमोरून सरकू लागला. गार्डीणबाई खुर्ची, मी, सगळं सोडून डब्याबरोबर धावत सुटल्या. मग ते चार डबे आले, फलाटाच्या टोकावरून फलाटात आले, आणि जोरात फुस्स झालं. चाकं करकरली. आख्खी गाडी, पुढे सिग्नलपलीकडे गेलेल्या इंजिनासकट, जागच्या जागी थांबली. गार्डाच्या डब्यातही एक ब्रेक असतो. तो यांनी ओढला होता.

हे खाली उतरले. हातात लाल झेंडा, मान ताठ.

"शेवटचे चार डबे! आता उतरा! सावकाश, ढकलाढकली नको! म्हाताऱ्या माणसांना आधी!"

आधीच्या स्टेशनावर त्यांनी चारही डब्यांत स्वतः फिरून बजावून ठेवलं होतं, की पहिल्यांदा गाडी थांबेल तेव्हा कुणी खडीत पाय टाकायचा नाही. आणि गंमत बघा, इतके दिवस ज्यांनी त्यांना शिव्या घातल्या, त्यांनी मुकाट्याने ऐकलं. माणसं भराभर उतरली. एक पोटुशी मुलगी उतरली, पायाला प्लास्टर घातलेला एक उतरला, डोक्यावर गादीची वळकटी घेतलेलं एक कुटुंब उतरलं. आणि दारात काठी टेकून मोठ्या ताई उभ्या.

"छोट्या, हात दे."

त्यांनी हात दिला. ताईंनी एक पाय फलाटावर ठेवला, मग दुसरा, आणि जमिनीवर दोनदा काठी आपटून बघितली. गार्डीणबाई रडत होत्या आणि नवऱ्याला शिव्या देत होत्या, दोन्ही एकदम.

इंजिनाचा भोंगा संतापून वाजत होता. यांच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून ड्रायव्हर ओरडत होता, "अहो गार्डसाहेब! झालं काय? गाडी का थांबवली?"

"काही झालं नाही," हे म्हणाले. "गाडी आता स्टेशनात आली."

मग पुन्हा दोन्हीकडे बघितलं, हिरवा झेंडा दाखवला, आपल्या खोक्यात चढले आणि गेले. बहिणीला घरी नेऊन पोचवणं आमच्यावर सोडून.

चौकशी व्हायचीच होती. साहेबांनी वाट काढून दिली, खोटं कशाला बोलू. म्हणाले, ब्रेकमध्ये बिघाड झाला असं लिहून द्या, विषय मिटवतो. यांनी नाही म्हणून मान हलवली. ब्रेक उत्तम आहे, म्हणाले. बिघाड लिहिला तर ब्रेक तपासणाऱ्या माणसाची मान अडकेल. मग साहेबांचा आवाज चढला. सख्ख्या बहिणीसाठी गाडी अडवलीत, वर तोंड करून सांगता? यावर हे म्हणाले, बहीण एकच होती, साहेब, डबे चार होते.

त्यांना लांबच्या गाडीवरून काढलं आणि मालगाडीवर टाकलं. हंगाम संपताच ते चार डबे पुन्हा गेले, आणि ताईंच्या गावच्या माणसांना पुन्हा जागा नाही. फलाट आहे तेवढाच आहे. ताई पुढच्या खोलीत ठेंगण्या खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ती हकीकत सांगतात, दर वेळी थोडी वाढवून. गार्डीणबाईंची दोन मतं झालीयत. गार्डसाहेब मात्र घरात असले की येरझाऱ्या घालतात, आणि ताईंच्या गावाहून कुणी फोन करून "आम्हाला कधी मिळणार हो जागा" असं विचारलं, की फोन बायकोकडे देऊन बाहेर जातात.

परवा असेच बाहेर आले. मी दारात काजं करत बसले होते. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, "काय भाऊजी, माणसांच्या गाडीवरून एकदम सिमेंटच्या पोत्यांवर! करमतं का हो?"

ते थांबले. गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि म्हणाले, "करमतं तर काय! आमच्या मालधक्क्यावर गाडी दोन डबे लांब झाली, तर तिसऱ्या महिन्यात धक्का वाढवला. एक पोतं खडीत पडलं की मालकाचा फोन येतो आणि साहेब धावत येतात. पुढच्या वेळी ताईला कुठे न्यायचं असेल ना वहिनी, तर तुम्ही मला एक मोठं पोतं शिवून द्या."